उसन्या बुटांतले जेवण

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत गोव्यात होऊ घातलेल्या एका खासगी कंट्री क्लबची पानभर जाहिरात प्रसिद्ध झाली. चित्रात विस्तीर्ण हिरवळ होती, निळा तलाव होता, पलीकडे नदीचे वळण होते आणि डोंगराच्या उतारावरून त्या नदीकडे उतरणारी एक बारीक पायवाटही दिसत होती. माणूस मात्र एकही नव्हता. सदस्यत्वाची रक्कम कुठेच छापलेली नव्हती. ते केवळ निमंत्रणाने मिळेल, एवढेच एक वाक्य तळाशी होते. त्यानंतर दोनच दिवसांनी याच स्तंभात एका वाचकांनी पत्र लिहून अशा क्लबांमुळे गोव्याचा दर्जा वाढेल, किनाऱ्यावर बाटल्या फोडणारे पर्यटक जाऊन 'चांगल्या प्रतीचे' लोक येतील, असा विश्वास व्यक्त केला. किनाऱ्याबद्दलचा त्यांचा वैताग माझाही आहे. परंतु 'चांगल्या प्रतीचा माणूस' ही वस्तू क्लबाच्या फाटकातून आत गेल्यावर तयार होते की फाटकाबाहेर कोणाला उभे केले यावरून ठरते, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चार समविचारी माणसांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत एकत्र बसावे, पत्ते कुटावेत, टेनिस खेळावे आणि पाचव्याला बोलावू नये, याला माझी हरकत नाही. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेने सर्व नागरिकांना दिले आहे. भेदभावाला मनाई करणाऱ्या १५ व्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. खासगी क्लबाचा नाही. तेव्हा क्लबाने कोणाला आत घ्यावे याचा निवाडा सरकारने करावा, असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा क्लब ज्या जमिनीवर उभा राहतो, जे पाणी उपसतो आणि ज्या वाटा अडवतो त्यांच्याबद्दल आहे. पण तिथवर जाण्यापूर्वी ही प्रतिष्ठा कशी घडवली जाते ते पाहणे आवश्यक आहे, कारण ती समजली नाही तर आपण तिची भलतीच किंमत मोजून बसू.

'कंट्री क्लब' हा शब्द आज सामान्यनाम झाला असला तरी तो रूढ झाला अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे १८८२ साली निघालेल्या एका क्लबाच्या नावावरून. त्या क्लबाचे नावच 'द कंट्री क्लब' असे आहे; गावाचे वा संस्थापकाचे नाव जोडण्याची त्यांना गरज भासली नाही, यातच सर्व काही आले. शहराबाहेर मोकळी जागा घ्यायची, घोडे, टेनिस, गोल्फ यांची सोय करायची आणि शहरातील गर्दी तिथवर पोहोचणार नाही अशी तजवीज करायची, ही मूळ कल्पना. गर्दीला थोपवण्याचे पहिले साधन म्हणजे अर्थात पैसा. परंतु पैसा कोणाकडेही येऊ शकतो, हीच त्याची अडचण आहे. म्हणून या क्लबांनी दुसरे साधन शोधले: अर्जदाराला एक सूचक हवा, एक अनुमोदक हवा, मग त्याचे नाव फलकावर लागणार, मग सदस्य पेटीत पांढऱ्या वा काळ्या गोट्या टाकून गुप्त मतदान करणार, आणि अनेक ठिकाणी मोजक्या काळ्या गोट्या निघाल्या तरी अर्जदार बाद. कारण सांगण्याचे बंधन नाही. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत याला प्रतीक्षायादीची जोड मिळाली. दिल्ली जिमखान्यात सदस्यत्वासाठी तीस-तीस वर्षे थांबावे लागते, असे सांगितले जाते. जिथे पोहण्याचा तलाव, ग्रंथालय आणि स्वस्त जेवण यापलीकडे फारसे काही नाही, तिथे बाप अर्ज करतो आणि मुलगा आत जातो. तलाव तर आता कुठल्याही बऱ्या हॉटेलात असतो. थांबण्याचा हा सारा खटाटोप यादीत आपल्या मागे किती जण उभे आहेत, याच्या हिशेबासाठी असतो.

हे मला कोणी पुस्तकातून शिकवले नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, एका शैक्षणिक कामासाठी मुंबईला गेलो होतो. पेडणे तालुक्यातील आमच्या शाळेत शिकून पुढे मोठ्या कंपनीत अधिकारी झालेल्या एका विद्यार्थ्याने आग्रहाने रात्रीच्या जेवणाला त्याच्या क्लबात बोलावले. मी स्वच्छ लेंगा-झब्बा घालून आणि कोल्हापुरी चपला पायात घालून गेलो. दारावरच्या माणसाने अत्यंत नम्रतेने सांगितले की चपला चालत नाहीत. माझा विद्यार्थी कानापर्यंत लाल झाला. तेव्हा आतून एक वयस्क सेवक आला आणि कोपऱ्यातील कपाटातून त्याने काळ्या बुटांचे दोन-तीन जोड काढले. माझ्यासारख्या पाहुण्यांसाठी क्लबाने ते ठेवलेलेच होते! झब्ब्याकडे काणाडोळा झाला, बुटांकडे होऊ शकला नाही. या नियमांचेही एक अंतर्गत तर्कशास्त्र असते, ते मला आजवर उलगडलेले नाही. बूट दीड नंबर मोठे होते. माझे बोलणे ऐकून त्या सेवकाने हळूच विचारले, "तुमी गोंयचे?" तो आसोळण्याचा निघाला. जेवण उत्तम होते. पण जेवणभर मी पाय टेबलाखाली ओढून बसलो होतो आणि माझ्या विद्यार्थ्याला, ज्याला मी कधीकाळी मराठी व्याकरण शिकवले होते, माझ्याकडे सरळ पाहता येत नव्हते. निघताना बूट परत करताना मी त्या आसोळण्याच्या गृहस्थाला विचारले की आपण राहता कुठे. तो हसून म्हणाला, "म्हजोय एक क्लब आसा." धोबीतलावावर.

तो ज्याला क्लब म्हणत होता ती कूड होती. आजच्या तरुण वाचकांना कदाचित माहीत नसेल, परंतु पोटासाठी मुंबईला गेलेल्या गोमंतकीय, मुख्यतः ख्रिस्ती, खलाशी, आचारी, वादक आणि शिंप्यांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावाने अशा शेकडो कुडी चालवल्या, आणि त्या अधिकृतपणे 'क्लब' म्हणूनच ओळखल्या जात. एक मोठी खोली, भिंतीला लागून प्रत्येकाची पत्र्याची पेटी, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोजारची प्रार्थना आणि नाममात्र मासिक वर्गणी. जहाजावरून उतरलेला माणूस पुढचे जहाज मिळेपर्यंत तिथे पथारी टाकी. या क्लबांतही बाहेरच्याला प्रवेश नव्हता. गावचा असेल तोच सदस्य, आणि काही कुडींत गावातल्या जातींचे भेदही मुंबईपर्यंत पोहोचले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीसुद्धा फरक आहे. कुडीचे दार बंद होते ते आतल्या माणसाला बाहेर दुसरे छप्पर नव्हते म्हणून. बंद दाराचा कोणी मिरवण्यासाठी उपयोग केला नाही. आसोळण्याच्या कुडीत राहतो म्हणून आसोळण्यात कोणाला सोयरीक मिळाल्याचे ऐकिवात नाही. त्या रात्री आम्हा दोघांतील क्लबाचा खरा सदस्य तोच होता, मी नव्हतो, आणि माझा विद्यार्थीही कितपत होता कोण जाणे.

ज्यांना दाराबाहेर ठेवले जाते ते पुढे काय करतात, याचा इतिहास मात्र फारसा उमेद वाढवणारा नाही. कोलकात्यात १८२७ सालच्या बंगाल क्लबात हिंदी माणसांना प्रवेश नव्हता, म्हणून १९०७ साली गोरे आणि हिंदी यांना एकत्र बसता यावे यासाठी कलकत्ता क्लब निघाला. त्याच कलकत्ता क्लबाने स्त्रियांना सदस्य करून घेतले ते २००७ साली. म्हणजे वर्णभेदाला उत्तर म्हणून निघालेल्या संस्थेला आपल्याच घरातल्या स्त्रियांसाठी दार उघडायला शंभर वर्षे लागली. लॉस एंजेलिसमध्ये ज्यूंना इतर क्लब दारात उभे करीत नसत, म्हणून त्यांनी १९२० साली स्वतःचा हिलक्रेस्ट क्लब काढला. अपमान झालेल्याने फाटकच मोडून टाकावे अशी आपली अपेक्षा असते. तो बहुधा स्वतःचे वेगळे फाटक बांधतो.

आपल्या मराठी मुलुखातले उदाहरण याहून बोचरे आहे. पळवणकर बाळू हा दलित समाजातील मुलगा पुण्याच्या युरोपियन क्लबात खेळपट्टी झाडणे, रूळ फिरवणे, जाळी बांधणे या कामांवर होता. गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता तो देशातील उत्तम फिरकी गोलंदाजांपैकी एक झाला. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतले. मैदानावर सर्वांनी त्याच चेंडूला हात लावला, पण चहाच्या वेळी बाळूचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. पुढे कितीही बळी घेतले तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याच्याकडे आले. गोऱ्या क्लबाने त्याला नोकर म्हणून आत घेतले होते आणि आपल्या माणसांनी खेळाडू म्हणून घेऊनही चहाला बाहेर बसवले. यातले अधिक वाईट कोणते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

आणि गोव्यात हे लिहिताना स्वतःच्या अंगणाकडे न पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. पणजीतील क्लब वास्को द गामा, क्लब नासियोनाल, मडगावचा क्लब हार्मोनिया ही नावे आमच्या वडिलांच्या पिढीला दुरून माहीत होती. तिथे पोर्तुगीज बोलणाऱ्या प्रतिष्ठितांची ऊठबस असे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना नागरी समानता मिळाली, तेव्हा आपल्या लोकांनी नृत्यगृहे न काढता वाचनालये आणि मराठी शाळा काढल्या. पणजीचे सरस्वती मंदिर १९११ सालचे. या गोष्टीचा मला अभिमान आहे. पण त्याच वेळी आपल्या देवस्थानांच्या महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या कारभाराचा हक्क असणाऱ्यांच्या, याद्या होत्याच, आणि १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीच्या आधाराने त्या आजही आहेत. ठरावीक कुळांचे पुरुष वंशज तेवढे महाजन. जी कुळे पिढ्यान्पिढ्या देवळाची सेवा करीत आली, पालखी उचलीत आली, त्यांना समितीच्या निवडणुकीत मत नाही. कोमुनिदादीचे (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे) गावकार, चर्चच्या काही जुन्या कोन्फ्रारी (धर्मबंधूंच्या संघटना) यांची कथा वेगळी नाही. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरचा बाल्कांव (दारापुढचा ओटा) आठवा: समोरासमोर दगडी बाके, पण त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार कधी त्यावर बसला नाही, तो पायरीखाली उभा राहून बोलला. तेव्हा गोव्याला 'निमंत्रितांपुरते' ही कल्पना दिल्ली-मुंबईच्या बिल्डरने येऊन शिकवली, असे म्हणणे म्हणजे शुद्ध ढोंग आहे. त्याने आपल्या जुन्या सवयीला नवी पॉलिश दिली आहे, इतकेच.

(या पॉलिशचा एक विनोदी अवतार कळंगुट-बागा परिसरात फिरलेल्या प्रत्येकाने पाहिला असेल. हातात स्क्रॅच कार्ड देऊन पर्यटकाला 'बक्षीस' लागल्याचे सांगायचे, गाडीत घालून एखाद्या रिसॉर्टवर न्यायचे आणि दीड-दोन तास भाषण ऐकवून त्याच्या गळ्यात कसले तरी 'खास' सदस्यत्व मारायचे. रस्त्यावर उभे राहून येईल त्याला विकले जाणारे खासपण!)

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ही बंद दारे उघडतात केव्हा? सदस्यांच्या मनात न्यायबुद्धी जागी झाल्याने दार उघडल्याचे उदाहरण मला तरी सापडले नाही. क्लबाला बाहेरच्या जगाकडून काही हवे असते, आणि बाहेरचे जग ते देण्यापूर्वी अट घालते, तेव्हा ती उघडतात. १९९० साली अमेरिकेतील अलाबामा राज्यात शोल क्रीक या क्लबावर एक मोठी व्यावसायिक गोल्फ स्पर्धा होणार होती. क्लबाच्या संस्थापकाने वार्ताहराशी बोलताना कृष्णवर्णीयांना आम्ही सदस्य करून घेत नाही, अशा अर्थाचे विधान केले. गदारोळ झाला, मोठमोठ्या कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरील जाहिराती काढून घेतल्या, आणि वर्षानुवर्षे न सुटलेला प्रश्न काही आठवड्यांत सुटला: क्लबाने एका कृष्णवर्णीय गृहस्थांना सदस्यत्व दिले. जे क्लब भेदभाव करतील त्यांच्याकडे यापुढे स्पर्धा नाहीत, असे धोरण गोल्फच्या संघटनांनी जाहीर केले आणि त्याच वर्षी ऑगस्टा नॅशनल या सर्वांत नावाजलेल्या क्लबातही पहिला कृष्णवर्णीय सदस्य आला.

ऑगस्टाची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथे सदस्यत्वासाठी अर्जच करता येत नाही आणि सदस्यांची यादी गुप्त असते. तेथील मास्टर्स स्पर्धेच्या प्रायोजकांपैकी एक म्हणजे आयबीएम. त्या कंपनीच्या यापूर्वीच्या अनेक प्रमुखांना क्लबाने सदस्यत्वाचा हिरवा कोट दिला होता. २०१२ च्या आरंभी कंपनीच्या प्रमुखपदी प्रथमच एक स्त्री आली आणि क्लबापुढे पेच उभा राहिला, कारण तोवर तिथे एकही स्त्री सदस्य नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँडोलिझा राइस आणि डार्ला मूर या पहिल्या दोन स्त्रिया सदस्य झाल्या. काँडोलिझा राइस याआधी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री होऊन गेल्या होत्या. जगातील सर्वांत बलाढ्य देशाच्या वतीने बोलण्याइतकी त्यांची योग्यता मान्य होती, पण त्या हिरवळीवर सदस्य म्हणून पाऊल टाकण्याइतकी नव्हती. हिरव्या कोटाशी खेळाचा संबंध किती आणि ओळखी-व्यवहारांचा किती, हे यावरून दिसते. म्हणून क्लबात कोण आहे आणि कोण नाही ही बाब खासगी म्हणून सोडून देता येत नाही. जिथे मोठ्या नेमणुका आणि मोठे सौदे जेवणाच्या टेबलावर ठरतात, तिथे त्या टेबलावर बसू न देणे म्हणजे धंद्यातून आणि सत्तेतूनही बाहेर ठेवणे होय.

आपल्याकडे असा हिशेब मागितला गेला तो दिल्ली जिमखान्याच्या बाबतीत. राजधानीच्या मध्यभागी सत्तावीसेक एकर सरकारी जमीन, तीही नाममात्र भाड्याने; कागदोपत्री उद्देश खेळांना उत्तेजन देण्याचा; सदस्यांत सनदी आणि लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा; आणि सदस्यांच्या मुलांना आत येण्याचा वेगळा जवळचा मार्ग. केंद्र सरकारने २०२० साली कंपनी कायद्याखाली तक्रार केली. खेळांवर होणारा खर्च एकूण खर्चाच्या मानाने फारच थोडा आहे आणि सदस्यत्व घराण्यांत फिरते आहे, हे तिच्यातील मुख्य आक्षेप होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने तिथे प्रशासक नेमण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये कंपनी विधी न्यायाधिकरणाने व्यवस्थापनावर सरकारचे संचालक नेमण्यास मुभा दिली. सरकारचा हेतू कितपत शुद्ध होता याबद्दल मतभेद असू शकतात. तत्त्व मात्र स्वच्छ आहे: जमीन सर्वांची असेल तर फाटकावरचा नियमही सर्वांच्या विचाराचा विषय होतो. कलकत्ता क्लबाच्याच कराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये म्हटले होते की क्लब आणि सदस्य वेगळे नाहीत, त्यामुळे क्लबाने सदस्याला दिलेले जेवण ही विक्री ठरत नाही. (पुढे २०२१ च्या वित्त कायद्याने सरकारने वस्तू व सेवा कराच्या बाबतीत हा मार्ग पूर्वलक्षी परिणामाने बंद केला.) मला तो युक्तिवाद मनापासून पटला. क्लब ही आपण आपल्यालाच दिलेली मेजवानी असेल, तर ती आपल्याच अंगणात आणि आपल्याच विहिरीच्या पाण्यावर व्हावी.

विहिरीचा उल्लेख सहज केलेला नाही. अठरा भोकांच्या पूर्ण गोल्फ मैदानाला साधारणपणे सव्वाशे ते दोनशे एकर जमीन लागते. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, त्यातला मोठा भाग सह्याद्रीचे जंगल आणि खाणींचा टापू. उरलेल्या पट्टीत गावे, शेते, खाजने (खाडीकाठची बांध घातलेली शेते) आणि काजूच्या बागायती दाटीवाटीने आहेत. एवढी सलग जमीन कोणाच्या तरी काजूच्या डोंगरावाचून किंवा गुरांच्या चराईवाचून मिळत नाही. आपल्याकडे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. नंतरचे सात-आठ महिने डोंगर कोरडा. क्लबाचा हंगाम नेमका तेव्हाच, आणि ती विलायती हिरवळ हिरवी ठेवायची तर जानेवारी ते मे रोज पाणी द्यायला हवे. वरच्या अंगाला हिरवळ आणि खालच्या वाड्यावर टँकर, हे चित्र कल्पनेने रंगवण्याची गरज नाही. शिवाय आपला जांभा सच्छिद्र. वर घातलेली खते आणि तणनाशके खाली झरत जातात ती पायथ्याच्या झरीत आणि विहिरीतच. केरी-तेरेखोलच्या ग्रामस्थांनी गोल्फ मैदान आणि रिसॉर्टच्या प्रकल्पाविरुद्ध वर्षानुवर्षे जो लढा दिला, त्याला 'विकासविरोधी' म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिल महिन्यात त्या डोंगरावर उभे राहून पाहावे.

वाटांचा प्रश्न तर गोव्यात न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाण्याची लोकांची वाट एका पंचतारांकित हॉटेलच्या विस्तारामुळे अडली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये निकाल दिला की किनारा ही शासनाकडे जनतेच्या वतीने ठेवलेली ठेव आहे आणि तिथे जाण्याची वाट मोकळी झाली पाहिजे. तो निकाल वाचून आनंद झाला होता. त्याच वर्षी राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून हॉटेलचा तो भाग वाचवला. म्हणजे गरीब माणसाने वर्षानुवर्षे खेटे घालून मिळवलेले सरकारने एका अध्यादेशाच्या कागदाने परत घेतले. हे आठवते म्हणूनच, फाटक बसल्यावर भांडण्यापेक्षा ते बसण्यापूर्वी विचारणे मला शहाणपणाचे वाटते.

राज्य सरकारने नव्या क्लबाला जमिनीचे रूपांतर, पाण्याची जोडणी वा मद्याचा परवाना देण्यापूर्वी करार जनतेसमोर ठेवावा: जागा कोणाची, किती भाड्याने, किती वर्षांसाठी, पाणी कुठून. ज्या अधिकाऱ्यांच्या आणि मंत्र्यांच्या सहीने हे परवाने निघतात त्यांना क्लबाने मानद सदस्यत्व दिले असेल, तर ते जाहीर व्हावे. फुकट मिळालेला दागिना ज्याप्रमाणे जाहीर करावा लागतो त्याचप्रमाणे. हे सर्वांत महत्त्वाचे. खेळाचा पुळका खरा असेल तर आठवड्यातून एक दिवस आजूबाजूच्या गावांतील मुलांना मैदान खुले ठेवण्याची अट घालावी. ती अट दयेपोटी असावी असेही नाही. ब्रुकलाइनच्याच मैदानावर १९१३ साली अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकणारा फ्रान्सिस विमेट हा क्लबाच्या समोरच्या रस्त्यापलीकडे राहणारा, तिथेच साहेबांच्या काठ्या वाहून वाढलेला वीस वर्षांचा मुलगा होता. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर यांची सुरुवातही कॅडी, म्हणजे काठ्या वाहणारा, म्हणूनच झाली. पुढे तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोनदा जिंकणारे शिवशंकर प्रसाद चौरसिया हे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात मैदान राखणाऱ्या कामगाराचे चिरंजीव. सदस्यांची मुले एवढ्या सोयी असूनही तिथवर पोहोचत नाहीत, हा योगायोग नसावा.

पोशाखाचाही एकदा निकाल लावावा. जुलै २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका विद्यमान न्यायमूर्तींना वेष्टी (तमिळ धोतर) नेसली म्हणून चेन्नईतील एका क्रिकेट क्लबाने दारातून परत पाठवले. पुढच्याच महिन्यात तमिळनाडू विधानसभेने कायदा करून पारंपरिक पोशाखामुळे प्रवेश नाकारणाऱ्या क्लबांना परवाना रद्द होण्यापासून तुरुंगवासापर्यंतची शिक्षा ठरवली. २०१७ साली दिल्ली गोल्फ क्लबात जेवणाला निमंत्रित म्हणून आलेल्या मेघालयातील एका स्त्रीला तिचा जैनसेम हा पारंपरिक पोशाख 'मोलकरणीसारखा' दिसतो म्हणून उठवण्यात आले. दिल्लीत तसा कायदा नव्हता. गोव्यातही नाही. आपले सरकार कुणबी साडी हा राज्याचा वारसा म्हणून मिरवते, ती नेसून मंत्री छायाचित्रे काढून घेतात. उद्या सांग्याची एखादी कुणबी आजी तीच साडी नेसून आपल्या नातवाच्या आमंत्रणावरून एखाद्या क्लबात गेली, तर तिला कपाटातून कोणते कपडे काढून देणार आहेत?

संपादक महोदय, जाहिरात छापून तिचे पैसे घेण्याचा आपला अधिकार मी मान्य करतो. वर्तमानपत्र त्यावरच चालते. मात्र एक विनंती आहे. त्या चित्रात डोंगरउतारावरून नदीकडे उतरणारी जी पायवाट दिसते, तशा वाटा गोव्यात कोणीतरी रोज चालल्यावाचून तयार होत नाहीत. तिने गुरे पाण्यावर जात असतील, मुले शाळेच्या होडीपाशी जात असतील, गणपती विसर्जनाला जात असतील. आपल्या वार्ताहराने त्या गावात जावे, ती वाट कोणाची आहे ते विचारावे, आणि जाहिरातदारांच्या आराखड्यात ती आहे की नाही हे याच पुरवणीत, शक्य तर त्याच पानावर, छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
फोंडा, गोवा